गोव्यात स्पोर्ट्स कार सांभाळताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात स्पोर्ट्स कार रस्त्यावर कमी आणि पार्किंगमध्ये जास्त बिघडते. खारी हवा, जून ते सप्टेंबरचा पाऊस आणि महिनोन्‌महिने कव्हराखाली झाकून ठेवलेली गाडी हे त्रिकूट इंजिनाच्या कुठल्याही दोषापेक्षा महाग पडते. त्यामुळे खालच्या उत्तरांत हॉर्सपॉवरची चर्चा थोडी आणि गंज, ओल, ब्रेक ऑइल यांची जास्त आहे.

आठवड्यातून एकदाच चालवणार आहे. चालेल ना?

आठवड्यातून एकदा उत्तम, पंधरा दिवसांतून एकदा ठीक, महिन्यातून एकदा वाईट. पण किती वेळा काढली यापेक्षा किती तापली हे महत्त्वाचे. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. इंजिन थंड असेल तर ती सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी होऊन बसते. घरातून निघून मिरामारला एक चक्कर मारून परत आणलेली गाडी आत पाणी घेऊनच उभी राहते. ऑइल ९० अंश सेल्सिअसच्या वर जाऊन तिथे पंधरा-वीस मिनिटे राहिले की ते पाणी उडून जाते. कूलंटचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑइल तापले असे नव्हे, ते त्याच्या बरेच मागे असते. पणजीहून म्हापशाला जाऊन परत, म्हणजे साधारण २५ किलोमीटर, हा हिशेब पुरेसा आहे.

दारातच गाडी चालू करून दहा मिनिटे ठेवणे हा सगळ्यांत वाईट पर्याय. ऑइल तापत नाही, बॅटरी पुरती भरत नाही, ब्रेक आणि टायर तसेच राहतात.

कोणती गाडी घ्यावी?

परदेशी व्हिडिओ पाहून माणसे मझ्दा एमएक्स-५ शोधत बसतात. ती भारतात अधिकृतपणे कधी विकली गेली नाही. जुन्या बाजारात प्रत्यक्ष सापडतात त्या म्हणजे पोर्शे बॉक्स्टर आणि केमन, बीएमडब्ल्यू झेड-४, ऑडी टीटी, फोर्ड मस्टँग जीटी, मिनी कूपर एस आणि चार दारांची चालत असेल तर स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस.

निवडताना पहिला प्रश्न ताकदीचा नसून सुट्या भागांचा असावा. पुढचा बंपर, एसीचा कंडेन्सर, एक शॉकअब्सॉर्बर आणि एक हेडलॅम्प, या चार वस्तूंची किंमत आणि त्या यायला लागणारे दिवस आधी विचारून घ्या. दुसरे म्हणजे, स्कॅनर लावून सगळी मोड्यूल (गाडीतले छोटे संगणक) वाचू शकणारा माणूस गोव्यात आहे की दर वेळी बेळगाव, मुंबई किंवा बंगळुरू गाठायचे, हे ठरवा. खरेदीच्या किमतीच्या दहा-पंधरा टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला काढलेली नसेल तर एक पायरी खालची गाडी घ्या.

गोव्यातच बनलेली सॅन स्टॉर्म कुठे मिळाली तर?

दोन आसनी, उघड्या छताची, फायबरग्लासच्या बॉडीची आणि रेनोच्या ११४९ सीसी पेट्रोल इंजिनाची ही गाडी १९९०च्या दशकाच्या अखेरीस आली. वेगाच्या अपेक्षेने घेऊ नका, साठेक हॉर्सपॉवरची आहे. बॉडी गंजत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात आणि खाली पोलादी चॅसी मात्र सडत जाते, म्हणून रॅम्पवर चढवून टोकदार हातोडीने चॅसी ठोकून पाहा. भरीव आवाज आला पाहिजे, भद्द आवाज आला तर तिथे पत्रा उरलेला नाही. याच कुळातले इंजिन युरोपात क्लिओ आणि ट्विंगोमध्ये होते, त्यामुळे गास्केट, बेल्ट, सेन्सर बाहेरून मागवता येतात. काचा, रबरी बीडिंग आणि ट्रिमचे तुकडे मात्र जपून ठेवा, तेच दुर्मीळ.

जुनी गाडी पाहायला गेल्यावर नेमके काय तपासू?

गाडी थंड असताना बघायची, असे आधी सांगून ठेवा आणि पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागले तर पहिल्या स्टार्टचा धूर किंवा खडखड लपवायची कुणाला तरी घाई होती.

मग पुराची खूण. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा. बाहेरचा पट्टा कुणीही धुतो, पण रिळावरच्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची आडवी रेष राहून जाते. कार्पेटच्या कोपऱ्यात बोट घालून खालचा फोम दाबा. ओला किंवा कडक झालेला असेल तर पाणी आत आले होते. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले असणे हीही तीच कथा.

रंगाची जाडी मोजायचे यंत्र सोबत न्या. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. ३०० च्या पुढे आकडा गेला की तिथे पुन्हा रंग किंवा पुट्टी आहे. एखादा दरवाजा रंगवलेला असणे हा गुन्हा नाही. छताचा खांब आणि दाराखालची चौकट रंगवलेली असेल तर मात्र परत फिरा.

टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते, २३२१ म्हणजे २०२१ मधला २३वा आठवडा. चार टायर चार वेगवेगळ्या वर्षांचे असतील तर मालकाने पैसे कुठे वाचवले असतील ते कळते. स्कॅनर फक्त इंजिनावर न लावता सगळ्या मोड्यूलवर लावा. अनेक गाड्यांत गिअरबॉक्स किंवा चावीच्या मोड्यूलमध्येही किलोमीटर नोंदलेले असतात आणि मीटर मागे फिरवणाऱ्यांना ते आठवत नाही.

पोर्शेपुरती एक गोष्ट : २००८ पर्यंतच्या बॉक्स्टर, केमन आणि ९११ च्या नेहमीच्या इंजिनांत इंटरमीडिएट शाफ्टचे (इंजिनातल्या एका मधल्या दांड्याचे) बेअरिंग निकामी होऊन पूर्ण इंजिन जाण्याचा धोका असतो. २००९ पासूनच्या नव्या इंजिनात तो शाफ्टच नाही. जुनी घ्यायची तर ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्यांत धातूचा चुरा आहे का ते पाहा. चमकणारा, चुंबकाला चिकटणारा चुरा दिसला तर सौदा नको.

मुंबईची गाडी गोव्यात आणायची तर कागदपत्रे?

आधी मूळ आरटीओकडून ना हरकत प्रमाणपत्र (फॉर्म २८). कर्ज होते तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५. मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३०, गोव्याच्या क्रमांकासाठी फॉर्म २७. सोबत विमा, पीयूसी, चॅसी क्रमांकाची छाप. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवली की नवा क्रमांक घेणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार बंधनकारक आहे. गोव्याचा रस्ता कर इथे भरायचा आणि उरलेल्या वर्षांचा परतावा जुन्या आरटीओकडे मागायचा. परतावा मिळायला वेळ लागतो, तो पैसा खरेदीच्या हिशेबात धरू नका. विमा लगेच तुमच्या नावावर करून घ्या, नाहीतर दावा करायच्या दिवशी गाडी एकाची आणि पॉलिसी दुसऱ्याची असते.

घर समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर आहे. गंज कसा रोखू?

पूर्ण रोखता येत नाही, हळू करता येतो. मीठ हवेतून येते, गाडीच्या पोटाखाली बसते आणि दमटपणामुळे कायम ओले राहते. कळंगुट किंवा कोलव्याच्या पट्ट्यात गाडी असेल तर पंधरा दिवसांतून एकदा पोटाखालून साध्या गोड्या पाण्याने धुवा. फार जोराचा प्रेशर लागत नाही, पाणी भरपूर लागते. चाकांच्या कमानींच्या आतली कड, सबफ्रेमचे खोबण, जॅक लावायच्या जागा आणि दाराखालच्या पोकळ पट्टीची भोके इथे धार धरा. त्या भोकांत माती साचली की पट्टी आतून भरते आणि आतूनच फुटते. जाड नायलॉनचा दोरा घालून ती मोकळी करता येतात.

यानंतरची चूक फार महागात पडते. गॅरेजवाले काळे रबरी अंडरबॉडी कोटिंग मारून देतात. नव्या, कोरड्या, स्वच्छ पत्र्यावर ते ठीक. गंज सुरू झालेल्या पत्र्यावर मारले की खाली ओल कोंडते आणि वरून सगळे काळे कुळकुळीत दिसत राहते. दोन वर्षांनी कोटिंगसकट पत्रा हातात येतो. त्याऐवजी मेणाचे किंवा लॅनोलिनचे (लोकरीतल्या चरबीचे) फवारे वापरा. ते ओले, चिकट राहतात, फटीत शिरतात आणि खालची अवस्था दिसू देतात. पावसाआधी, मे महिन्यात, एकदा मारायचे आणि पोकळ भागांत लांब नळीने मारायचे. ब्रेक डिस्क आणि सायलेन्सरवर थेंबही नको.

सगळ्यांत दुर्लक्षित जागा म्हणजे पुढच्या बंपरमागचे रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर. बॉक्स्टर, केमनमध्ये ते दोन्ही बाजूंच्या हवेच्या भोकांमागे बसवलेले असतात. वारा आत पाने, प्लास्टिक आणि माती ओढतो, ती कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत साचतात, त्यावर खारी ओल बसते आणि ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांना भोके पडतात. एसी गार येईना झाला की लोक गॅस भरतात आणि महिन्याभरात तो पुन्हा संपतो. वर्षातून एकदा बंपर उतरवून ती फट हाताने साफ करा. दोन तासांचे काम आहे.

ओहोटीला फेरीबोटीवर चढवताना गाडी खाली टेकते. उपाय?

रायबंदर–चोडण असो की जुने गोवे–दिवाडी, अडचण रॅम्पच्या कोनाची. सुकतीच्या वेळी बोट खाली जाते, धक्क्याचा उतार आणि बोटीचा रॅम्प यांच्यात खोल कोन तयार होतो आणि पुढच्या बंपरचा ओठ तिथे घासतो. भरतीची वेळ पाहून जा. जावेच लागले तर सरळ न जाता थोडे तिरके, एक चाक आधी चढेल असे जा आणि बोटीवरच्या माणसाला समोर उभे राहून हात दाखवायला सांगा. रॅम्पवर ब्रेक मारू नका, ब्रेकने नाक आणखी दोन-तीन सेंटिमीटर खाली जाते. पलीकडे पोहोचल्यावर खाऱ्या पाण्याचे शिंतोडे त्याच दिवशी धुवा.

आणि स्पीडब्रेकर?

नियमाप्रमाणे बांधलेला गतिरोधक कुठल्याही स्पोर्ट्स कारला लागत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापात तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, १७ मीटर त्रिज्येचा सौम्य कंस. अडीच मीटर चाकांतराची गाडी त्यावर बरोबर मधोमध असताना पोटाखाली त्याचा फुगा जेमतेम साडेचार सेंटिमीटर येतो. जमिनीपासून १३ सेंटिमीटर क्लिअरन्स असलेली गाडी आरामात जाते. घासतात ते गावकऱ्यांनी रातोरात घातलेले, फूटभर रुंद आणि वीतभर उंच वरवंटे. तिथे तिरके जाणे, सोबत्याला उतरवणे आणि वेग शून्याजवळ ठेवणे एवढेच हातात आहे. गाडी खाली करणाऱ्या स्प्रिंगा गोव्यात लावू नका. दिसायला छान, पण हजार ठिकाणी टेकते.

ई २० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेले) पेट्रोल चालेल का?

टाकीच्या झाकणाच्या आत पाहा. युरोपातून आलेल्या अलीकडच्या गाड्यांवर गोलात ‘ई ५’, ‘ई १०’ लिहिलेले असते. ई १० पर्यंतच मान्यता असलेल्या गाडीत ई २० गेले तर ती त्याच दिवशी बंद पडत नाही. रबरी नळ्या, ओ-रिंगा आणि पंपाचे सील हळूहळू फुगतात किंवा कडक होतात. पाच-सहा वर्षांहून जुन्या गाडीच्या इंधनाच्या नळ्या दर सर्व्हिसिंगला हाताने दाबून पाहा. वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या की बदला, कारण त्या गरम इंजिनाजवळून जातात.

इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे ई २० मध्ये सहा-सात टक्क्यांची घट. ॲव्हरेज तेवढे पडले तर गाडी बिघडलेली नाही. इथेनॉल हवेतली ओलही शोषते. उभ्या गाडीची टाकी अर्धी ठेवली तर वरच्या रिकाम्या जागेतली दमट हवा पेट्रोलमध्ये उतरते, म्हणून उभी करताना टाकी काठोकाठ.

ऑक्टेनबाबत झाकणावर ९५ किंवा ९८ लिहिले असेल तर प्रीमियम पेट्रोलच भरा. कमी ऑक्टेनवर नॉक सेन्सर (इंजिनातली ठकठक ओळखणारा) ठिणगी उशिरा पाडायला लावून इंजिन वाचवतो, पण ज्या ताकदीचे पैसे दिले ती मिळत नाही.

ऑइल कधी बदलू? मी वर्षाला तीन हजार किलोमीटरच चालवतो.

वर्षातून एकदा, किलोमीटर काहीही असोत. जाडीच्या मापापेक्षा डब्यावरची मान्यता पाहा. ५डब्ल्यू-४० लिहिलेली दहा ऑइले मिळतील, त्यातले तुमच्या कंपनीच्या प्रमाणात बसणारे एखादेच. फोक्सवॅगन-स्कोडा-ऑडीला ५०२ किंवा ५०४, जुन्या पोर्शेना ए ४०, बीएमडब्ल्यूला एलएल-०१ किंवा ०४, पुस्तिकेत असेल ते. वेट क्लच (ऑइलमध्ये बुडालेला क्लच) असलेल्या सहा गिअरच्या डीएसजीचे, म्हणजे फोक्सवॅगन गटाच्या दुहेरी क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्सचे, ऑइल आणि फिल्टर ६०,००० किलोमीटरला बदलायचे. ‘आयुष्यभराचे ऑइल’ असे कुणी म्हणाले तर कुणाच्या आयुष्याचे ते विचारा.

सकाळी गाडी काढताना ‘टक्क’ असा आवाज येतो आणि ब्रेक खरखरतात.

बहुतेक वेळा घाबरण्यासारखे काही नाही. डिस्क ओतीव लोखंडाची असते आणि गोव्याच्या एका रात्रीत तिच्यावर केशरी थर येतो. पॅड तिला चिकटतो, तो सुटतानाचा हा आवाज. पहिल्या अर्ध्या किलोमीटरमध्ये हलके हलके ब्रेक लावले की डिस्क साफ होते. धुतल्यानंतर गाडी तशीच लावू नका, आधी चक्कर मारून ब्रेक सुकवा. मोकळ्या सपाट जागेत रात्रभरासाठी हँडब्रेकऐवजी गिअर आणि चाकाखाली लाकडी अडसर ठेवा.

खरखर पाच किलोमीटरनंतरही राहिली किंवा एकच चाक हाताला जास्त गरम लागले तर कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना अडकल्या आहेत. पिना काढून ब्रेक क्लीनरने पुसा, बारीक पॉलिश पेपरने घासा आणि सिलिकॉन ग्रीस लावा. साधे पिवळे ग्रीस लावले की रबरी बूट फुगतात आणि पिना पहिल्यापेक्षा घट्ट बसतात. ही चूक फार गॅरेजांत होते.

ब्रेक ऑइलचे वेळापत्रक सगळीकडे दोन वर्षांचे असते, गोव्यात एक वर्षाचे धरा. ते हवेतली ओल शोषते. नवे डॉट ४ प्रतीचे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ३.७ टक्के पाणी मुरले की हमी फक्त १५५ अंशांची उरते. चोर्ला घाटातून साखळीकडे उतरताना सतत ब्रेक दाबला तर कॅलिपर तेवढे तापू शकतात. ऑइल उकळून वाफ झाली की पेडल एकदम मऊ होऊन तळाला जाते. पूर्ण बदलायला साधारण एक लिटर लागते. डॉट ५.१ टाकता येते (२६० आणि १८० अंश), पण डॉट ५ वेगळे, ते सिलिकॉनचे, कधीच मिसळू नका. मेकॅनिकने फळीवरचा उघडा अर्धा डबा काढला तर नको म्हणा. पावसाळ्यात उघडलेला डबा म्हणजे पाणी घातलेले ऑइल.

घाट उतरताना ज्या गिअरने चढला असता तोच ठेवा. ब्रेक थोडा वेळ जोरात लावून पूर्ण सोडा, म्हणजे डिस्कला गार व्हायला हवा मिळते.

१९ इंची चाके खड्ड्यात वाकतात. १८ लावू का?

कंपनीने तुमच्या मॉडेलला १८ ची परवानगी दिली असेल आणि आत ब्रेक कॅलिपर बसत असेल तर जरूर. २३५/३५ आर १९ चा बाहेरचा व्यास ६४७ मिलिमीटर, २३५/४० आर १८ चा ६४५. दोन मिलिमीटरच्या फरकाने स्पीडोमीटर किंवा एबीएसला काही कळत नाही, रबराची भिंत मात्र १२ मिलिमीटरने उंच होते आणि रिम वाचते. चाक लावताना हबचा गंज तारेच्या ब्रशने साफ करा, नाहीतर चाक किंचित वाकडे बसून स्टिअरिंग थरथरते. नट टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोरालाच आवळणाऱ्या पान्याने), पुस्तिकेतल्या आकड्यावर. हवेच्या बंदुकीने कोंबलेला नट रस्त्यावर पंक्चर झाल्यावर निघत नाही.

कायद्याने टायरची खोली १.६ मिलिमीटर चालते. झुआरी पुलावर जुलैत, रुंद टायरखाली पाण्याचा थर असताना, ३ मिलिमीटरखालचा टायर तरंगतो. पावसापूर्वी बदला. बहुतेक स्पोर्ट्स कारमध्ये स्टेपनी नसते, सीलंटची बाटली असते. तिच्यावरही मुदत छापलेली असते, आजच पाहा.

पावसाळाभर गाडी बंद ठेवणार आहे. कशी तयारी करू?

महिना-दीड महिन्याने तरी एखाद्या कोरड्या दिवशी काढता आली तर बंद ठेवूच नका. ठेवायचीच असेल तर क्रम असा.

गाडी उभी करण्याआधी ऑइल बदला, नंतर नव्हे. जुन्या ऑइलमध्ये आम्ल आणि पाणी असते आणि ते चार महिने बेअरिंगवर बसते. धुवा, मग २५ किलोमीटर चालवून पूर्ण सुकवा. शेवटच्या पाच मिनिटांत एसी बंद करून फक्त पंखा चालू ठेवा, म्हणजे आतली कॉइल सुकते आणि कुबट वास येत नाही. टाकी भरा. टायरमध्ये नेहमीपेक्षा ६ ते ८ पीएसआय जास्त हवा भरा, नाहीतर एका जागी चपटे होतात. हँडब्रेक सोडा, चाकांना अडसर लावा.

आतली चामडी आणि स्टिअरिंग ओलसर कापडाने पुसून सुकवा. बुरशी चामड्यावर कमी आणि चामड्यावरच्या घामावर, हाताच्या तेलावर जास्त वाढते. दोन-तीन किलो सिलिका जेल पिशव्यांत भरून ठेवा आणि पंधरवड्याने ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरा. बंद गॅरेज असेल तर डीह्युमिडिफायर, आर्द्रता ५० ते ५५ टक्क्यांवर.

कव्हर हवा खेळणाऱ्या कापडाचे. चकचकीत प्लास्टिकचे कव्हर पत्र्याच्या शेडमध्ये घातले की गाडी वाफेवर शिजते. जमीन मातीची असेल तर आधी जाड प्लास्टिक, त्यावर फळ्या, मग गाडी. एअर फिल्टरच्या तोंडावर बारीक पोलादी जाळी बांधा. पावसात उंदीर कोरडी, उबदार जागा शोधतात आणि इंजिनाचा वरचा भाग त्यांना आवडतो. जाळी बांधल्याची चिठ्ठी स्टिअरिंगला चिकटवा, नाहीतर सप्टेंबरात विसरून स्टार्ट माराल.

बॅटरी दर महिन्याला उतरते.

बंद करून तासभर थांबा आणि मीटर लावा. १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.० म्हणजे जवळपास रिकामी. मग सगळी मोड्यूल झोपल्यावर, साधारण अर्ध्या तासाने, किती करंट जातो ते मोजा. ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक. त्यापुढे असेल तर एकेक फ्यूज काढून चोर शोधा, बहुधा नंतर बसवलेला कॅमेरा किंवा म्युझिक सिस्टीम निघते. चोर नसेल तर मेंटेनन्स चार्जर लावून ठेवा, बॅटरी एजीएम (काचेच्या तंतूंच्या चटईत आम्ल मुरवलेली) असेल तर त्याच मोडवर.

चौकट नसलेल्या दारांच्या गाडीत एक पेच आहे. हँडल ओढताच काच सेंटिमीटरभर खाली येते, मग दार उघडते. बॅटरी मेली की काच उतरत नाही आणि जोर लावला तर रबर फाटते किंवा काच तडकते. हलक्या हाताने काच आत दाबत दार उघडा. काही पोर्शेंमध्ये बॅटरी पुढच्या डिकीत आणि डिकीचे कुलूप विजेवर. तिथे ड्रायव्हरच्या पायाजवळच्या फ्यूजबॉक्समधून एक धन टोक बाहेर ओढता येते. त्याला तात्पुरता करंट देऊन डिकी उघडायची. हे अंधारात भर पावसात शिकण्यापेक्षा आज पुस्तिकेत वाचा.

कापडी छताखाली सीटजवळ पाणी साचते. छप्पर गळते का?

छप्पर क्वचितच गळते, निचऱ्याची भोके तुंबतात. दुमडणाऱ्या छताच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांत पन्हळी असतात. त्यात पाने आणि माती साचली की पाणी उलटे आत उतरते. जुन्या बॉक्स्टरमध्ये सीटखाली इलेक्ट्रॉनिक युनिट बसवलेले आहे, ते भिजले की गाडी स्टार्टच होत नाही. छप्पर अर्धे उघडून भोकांत मऊ नळी घाला आणि ग्लासभर पाणी ओता. खाली चाकामागे धार पडली पाहिजे. मे आणि ऑगस्टमध्ये एकेकदा पुरे. छप्पर ओले असताना दुमडू नका, घड्यांत बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते जात नाहीत.

पाण्यात गाडी बंद पडली. काय करू?

पुन्हा स्टार्ट मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. इग्निशन बंद करा, फ्लॅटबेड बोलवा, गॅरेजमध्ये प्लग काढून इंजिन हाताने फिरवू द्या. साधी सर्वसमावेशक पॉलिसी हे नुकसान बहुधा नाकारते, इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम हवे आणि ते घेतले तरी पाण्यात दुसऱ्यांदा स्टार्ट मारल्याचे कळले की वाद होतो. पाणी चाकाच्या निम्म्याच्या वर असेल तर आत घालूच नका. किनाऱ्यावरच्या वाळूत तर कधीच नाही. तिथे गाडी नेणे बेकायदा आहे आणि भरतीचे पाणी थांबत नाही.

सायलेन्सर, रिमॅप (इंजिनाच्या संगणकातले आकडे बदलणे), रुंद चाके : कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने नोंदवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच उचलून धरले. मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. पॅड, ब्रेक ऑइल, चांगले टायर, पॉलियुरेथेन बुश यांनी गाडी जेवढी सुधारते तेवढी मोठ्या सायलेन्सरने सुधारत नाही, हे आमचे मत. पळवायची असेल तर गोव्यात कायमचा ट्रॅक नाही, कोइम्बतूर किंवा चेन्नई गाठावे लागते.

लाल धूळ पुसायला कोणते कापड?

कुठलेच नाही. डिचोली-सत्तरीकडची धूळ जांभ्याची आणि खनिजाची, कोरडे फडके फिरवले की रंगावर गोल चरे पडतात. आधी भरपूर पाण्याने सोडवा, मग शॅम्पू आणि दोन बादल्या, एक साबणाची, एक हातमोजा खळबळायची.

अंगणात जागा फक्त माडाखाली आहे.

पाडेली (नारळ उतरवणारा) कधी येणार ते विचारून ठेवा आणि नारळ पिकण्याआधी उतरवून घ्या. सुकी झावळी नारळापेक्षा जास्त वेळा पडते आणि तिचा देठ बॉनेटला चांगलाच खड्डा करतो, ती वाऱ्याआधी तोडून घ्या. आंब्याचा चीक आणि वटवाघळांची घाण त्याच दिवशी ओल्या कापडाने भिजवून उचला, उन्हात एक दुपार गेली की रंगावरच्या पारदर्शक थराखाली डाग उतरतो. नारळ पडलाच तर तो हलवण्याआधी गाडीसकट फोटो काढा, विमावाले विचारतात.